मागच्या वर्षीचा बोजारा

आमची सौ. तीन महिन्यांसाठी मुलीकडे स्वीडनला गेली, त्याला आता पाचवा महिना लागला आहे. नातू झाला, मुक्काम वाढला, आणि घरात मी व डब्याची पिशवी असे दोघेच उरलो. अशा माणसाने प्रवासाला निघायला कारण लागू नये, पण मला कारण मिळालं. तेही एका शिवीसकट.

झालं असं, की मी वर्तमानपत्रात एक लेख लिहिला होता. सरकारने लोकांना सढळ हाताने द्यावं का, आणि दिलं तर देशाची भरभराट टिकते की आटते, असा विषय. लेखाच्या पहिल्या अर्ध्यात मी ‘हो’ लिहिलं होतं आणि दुसऱ्या अर्ध्यात ‘पण’. दोन्ही बाजूंच्या वाचकांनी झोडपल्यामुळे लेख समतोल असल्याची माझी खात्री पटली होती. तेवढ्यात केशवचा आवाजी निरोप आला.

केशव हा नागपूरच्या वसतिगृहातला माझा खोलीसोबती. आम्ही दोघांनी संस्कृत घेतलं ते देववाणीच्या ओढीने नव्हे. त्या वर्गात विद्यार्थी इतके कमी, की शिष्यवृत्ती आणि खोली दोन्ही हमखास मिळत. पदवीनंतर तो पोंभुर्णा तालुक्यातल्या आपल्या धानशेतीकडे परतला आणि मी अर्थकारणावर लिहू लागलो. संस्कृतचा उपयोग दोघांनाही सारखाच झाला.

निरोप असा होता: “पंडिता, तुया लेख वाचला. अर्धा. बाकीचा वाचाले टाइम नाई, काऊन का माये पऱ्हे म्हातारे होऊन राह्यले अन् रोवाले बाया नाई. राशन फुकट, महिन्याले खात्यात पैसे, मंग कोन येते बे चिखलात? तू येऊन पाय. अन् मंग लिव.” पुढे ती शिवी. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती वेळेत उपटून चिखलात रोवली नाहीत, तर त्या वर्षाचं पीक विसरायचं.

मी पिशवी भरली. डबेवाल्या मावशींना आठवडाभर डबा नको म्हणून सांगितलं. त्यांनी “बरं” म्हटलं. कुठे, कशाला, कधी परत, यातलं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही नाही.

पहिला दिवस: चंद्रपूर

पुण्याहून थेट चंद्रपूर गाठणाऱ्या गाड्या मोजक्या दिवशीच असतात. मला तिकीट मिळालं नाही, म्हणून नागपूर, आणि तिथून एसटीने साडेतीन तास. जटपुरा दरवाज्याजवळच्या एका लॉजमध्ये सातशे रुपयांत खोली मिळाली. काउंटरवरच्या गृहस्थाने वहीत नाव लिहिताना विचारलं, “एकटेच? ताडोबा?”

“नाही, पोंभुर्णा.”

“तिकडं सफारी नाई जी.”

“मित्राकडे जातोय. रोवणी बघायला.”

त्याने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. वाघ बघायला लांबून लोक येतात हे त्याला मान्य होतं. चिखल बघायला पुण्याहून आलेला बहुधा मी पहिलाच. खोलीत दोन पलंग होते. एकावर मी झोपलो, दुसऱ्यावर छत्री वाळत घातली.

सकाळी तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर लालभडक रस्सा ओततात आणि तो पोटात गेल्यावर कोणत्याही तात्त्विक प्रश्नावर माणूस ठाम होतो. भाव तीस रुपये, तर्री पुन्हा मागितली तर फुकट. इथेही कल्याणकारी धोरण आहे आणि दुकान मात्र चांगलं चाललं आहे, हे मी वहीत टिपून घेतलं.

दुसरा दिवस: पूर्ण तिकिटाचा माणूस

चंद्रपूरहून पोंभुर्ण्याला जाणारी बस सकाळची धरा. दुपारनंतरची चुकली तर शेवटचा टप्पा अंधारात पडतो, आणि त्या रस्त्यावर अंधारात तुम्ही एकटे नसता. दोन्हीकडे साग, मध्ये धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे बांध घालून पाणी अडवलेला भाताचा तुकडा. पाणी साचलेल्या बांध्यांत आभाळ दिसत होतं. ज्यांची रोवणी झाली त्यांचं हिरवं, ज्यांची राहिली त्यांचं राखाडी.

गाडीत बहुतेक बायाच होत्या. त्यांना अर्धं तिकीट. पुढच्या बाकावर दोन म्हातारबाबा, त्यांना शून्य. शाळेच्या मुलींना पास. कंडक्टरने यंत्रातून माझं तिकीट काढलं आणि जरा आदराने माझ्या हातात दिलं. “पुरं तिकीट. आज दुसरंच होय हे.”

शेजारच्या बाईंनी मान वळवली. “काऊन जी, तुमाले काईच सवलत नाई?”

“नाही.”

“बाई नाई, म्हातारे नाई, शाळेत जात नाई. मंग होय तरी काय तुमी?”

“पत्रकार.”

“त्याहीले तं सवलत असते म्हनते.”

असते. माझ्या ओळखपत्राची मुदत संपली आहे आणि नूतनीकरणाचा अर्ज ड्रॉवरमध्ये पडला आहे, हे मी कबूल केलं. बाई खूश झाल्या. “पाय वं, फुकटचं याहीलेबी पायजे, पर अर्ज भराचा आळस,” असं त्यांनी मागच्या बाकाला कळवलं, आणि पोंभुर्णा येईपर्यंत मी त्या गाडीचा करमणूक कर भरत राहिलो.

केशव फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा होता. केस पांढरे, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. तीन वर्षांपूर्वी कुसुमवहिनी गेल्या तेव्हा मी येऊ शकलो नव्हतो. फोन केला होता. त्याने माझी पिशवी टाकीवर ठेवली आणि म्हणाला, “जाड झाला लेका तू. फुकटचं खाऊन.”

त्याचं गाव आठ-नऊ किलोमीटर आत. घर मोठं, स्वच्छ आणि गप्प. दोन्ही मुलं हैदराबादला. स्वयंपाकघरात गॅसच्या दोन शेगड्यांपैकी एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. जेवायला भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. दोन्ही त्याने कुकरमध्ये एकाच वेळी लावलं होतं आणि दोन्हींची चव एकमेकांना लागली होती.

दुपारी त्याने पऱ्हे दाखवले. एका कोपऱ्यात दाट हिरवा पट्टा, वाऱ्यावर लवणारा. मला सुंदर वाटला.

“सुंदर नाई बे. वीस-पंचवीस दिसांत उपटून रोवा लागते. हे चाळिशीले आले.”

“चाळिशीत काय होतं?”

“तुयं जे झालं तेच. उंची वाढते, फुटवे नाई फुटत.”

अकरा एकर. ट्रॅक्टरने चिखल करून बांध्या तयार. फक्त बाया नाहीत. पारबताबाईची टोळी, बारा जणी, गेली वीस वर्षं त्याच्याकडे रोवणीला येत होती. या वर्षी ती टोळी गाव सोडून चामोर्शीकडे निघून गेली. गावातल्या इतर टोळ्यांचे दिवस आधीच ठरलेले. “सवय लागली फुकटची,” केशव म्हणाला. “देश बुडवतीन हे लोक.”

मी विचारलं, “तुला धानाचा बोनस मिळतो ना रे?”

“तो हक्क होय.”

“शेतकऱ्याचे वर्षाचे पैसे?”

“तेबी हक्क.”

“पंपाचं बिल?”

“माफ होय. पर ते येगळं.”

“आणि आपली शिष्यवृत्ती? वसतिगृह?”

तो खर्रा थुंकायला उठला. आमच्या गुरुजींनी ‘योगक्षेम’ शिकवताना सांगितलं होतं, की नसलेलं मिळणं म्हणजे योग आणि असलेलं टिकणं म्हणजे क्षेम, आणि राजाने दोन्ही पाहावं. माझं निरीक्षण असं, की आपल्याला मिळालं की ते योगक्षेम असतं आणि शेजाऱ्याला मिळालं की फुकट. केशवला हे ऐकवलं. तो म्हणाला, “पंडिता, उद्या चामोर्शीले जाऊ. तूच त्याहीले संस्कृतात समजाव.”

तिसरा दिवस: आष्टीचा पूल

पोंभुर्णा, गोंडपिपरी, आष्टी, चामोर्शी असा रस्ता. नकाशावर पोंभुर्णा आणि चामोर्शी वैनगंगेच्या दोन काठांवर जवळ दिसतात, पण नदी ओलांडायला आष्टीचा पूल गाठावा लागतो. पावसाळ्यात निघण्यापूर्वी पूल सुरू आहे का ते आगारात विचारून घ्या. आम्ही विचारलं नाही. तो सुरू होता. आमचा त्यात काही गुण नाही.

पन्नाशी ओलांडलेले दोन गृहस्थ, एक मोटारसायकल आणि दोन फाटके रेनकोट. आष्टीनंतर रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक लागले, एकामागे एक, ताडपत्र्या बांधलेले. प्रत्येक ट्रक आमच्यावर लाल चिखलाचा एक थर देऊन जाई. “हे पाय, समृद्धी चालली,” केशव ओरडला. ती बरीच वेगात चालली होती आणि रस्ता मागे ठेवून जात होती. खड्डे चुकवायला तासाभराचा प्रवास दोन तासांचा धरून चला.

पारबताबाई सापडल्या त्या चामोर्शीच्या अलीकडे, त्यांच्या माहेरगावी. चौकात नाव विचारलं, तर पानठेल्यावरच्या माणसाने न बघताच हात केला: “त्या बाया? ज्याहीनं वावर घेतलं त्या?”

केशवने गाडीचं इंजिन बंद केलं. “वावर घेतलं?”

“ठेक्यानं. चार एकर.”

बांधावरून चालत गेलो. बारा बाया एका रांगेत वाकून रोवत होत्या, मागे सरकत. डोक्यावर प्लास्टिकचे घोंगते, पाय पोटरीपर्यंत चिखलात. आम्हाला पाहताच एकीने धावत येऊन पऱ्ह्यांची एक जुडी बांधावर आडवी ठेवली. रोवणी चालू असलेल्या वावरात पाहुणा आला तर ती जुडी काहीतरी दिल्याशिवाय ओलांडायची नसते. मी शंभराची नोट काढली. तिने ती भिजू नये म्हणून घोंगत्याच्या घडीत खोचली आणि मला वाट दिली. केशवने खिशात हात घातला, तेव्हा तिने जुडी उचलून त्याच्यासमोर पुन्हा ठेवली आणि म्हणाली, “तुमचे नाई घेत, भाऊ.”

पारबताबाई सरळ उभ्या राहिल्या. साठीच्या आसपास, बारीक, काळ्यासावळ्या. आवाज मात्र चार बांध्या ओलांडणारा.

“याहो, केशवभाऊ. वाट चुकले का?”

“पारबताबाई, माया रोवणा तसाच हाय. पऱ्हे गेले.”

“हव, आयकलं.”

“मंग काऊन नाई आल्या? तिकडं राशन भेटते म्हून?”

रांगेतून हसण्याची एक लाट गेली. “राशन तं भेटते जी,” पारबताबाई म्हणाल्या. “खोटं काऊन बोलू? घरी तांदूळ असला का मानूस ‘नाई’ म्हनू शकते. पयले नोतं म्हनता येत. तुमच्या बापाच्या वक्ताले ताप असला तरी येत होतो आमी.”

“म्हनजे आळसच ना.”

“आळस?” मघाची, जुडी ठेवणारी बाई कंबरेवर चिखलाचा हात ठेवून म्हणाली. “सकाळच्या सहापासून हे तुमाले आळस दिसून राह्यला का? खात्यात पैसे आले ते गटात टाकले. एकीचे नाई, बाराहीचे. त्याचं वावर घेतलं. आता आमच्या वावरात आमी आळस करतो. तुमाले करा लागते का? या, जागा हाय.”

मी खाली बघितलं. गंभीर राहणं अवघड होतं. केशवच्या मानेवर लाली चढली होती. ती ट्रकच्या चिखलाची नव्हती.

“ठीक हाय,” तो म्हणाला, “तुमचं वावर पयले. पर गाव सोडाच्या पयले इतरायच्या रोवण्याले तं गेल्या तुमी. सरपंचाकडं गेल्या, वरच्या टोल्यावरच्या लोकायकडं गेल्या. मायाच घरी काऊन नाई?”

पारबताबाईंनी हातातली जुडी पाण्यात टाकली. “मागच्या वर्षी रोवणा सरला. मंग काय झालं, भाऊ?”

“काय झालं?”

“बोजारा नाई झाला.”

वाचकांसाठी सांगायला हवं. या भागात रोवणी संपते त्या दिवशी मालकाने रोवणाऱ्या बायांना बोजारा द्यायचा असतो. मजुरी वेगळी, ती आधीच दिलेली असते. बोजारा म्हणजे घरी बोलावून वड्यांचं जेवण, कुंकू, वाढणारे घरधनी. कोणत्याही करारात तो नाही आणि तो टाळणारा माणूस गावात मी तोवर ऐकला नव्हता.

केशव म्हणाला, आणि हे वाक्य तो परत घेऊ शकला असता तर बरं झालं असतं, “आता सरकारच देते ना महिन्याले बोजारा.”

पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पडत होतं त्याचा आवाज येत राहिला.

“सरकार पैसे देते,” शेवटी पारबताबाई म्हणाल्या. “सरकार आमाले या बसा म्हनते का? कुसुमबाई हात धुवाले पानी देत होती. माया हातावर. सोता.” मग आवाज एकदम खाली आला. “तुमी सरकारच्या नावावर काऊन ढकलता, भाऊ? घरी रांधनारं कोनी नाई, हे सांगतलं असतं तं आमी काय मारलं असतं का?”

केशव पलीकडच्या बांधाकडे बघत राहिला, जणू तिथे काही पीक मोजायचं होतं. कुसुमवहिनी गेल्यानंतर पहिली दोन वर्षं त्याने बोजाऱ्याची पाकिटं वाटली होती, हे मला त्याने परतीच्या वाटेवर सांगितलं. तिसऱ्या वर्षी तेही नको वाटलं. मग ‘फुकट’ची चर्चा टीव्हीवर सुरूच होती. ती त्याला सोयीची पडली. मी तीस वर्षं ज्याला आर्थिक भूमिका म्हणत आलो, तिच्या मागे किती घरांतली एक शेगडी बंद असेल, ते मला माहीत नाही.

“मंग आता?” केशवने विचारलं.

“आमचं परवा सकाळी सरते. आधी मागच्या वर्षीचा बोजारा. मंग रोवणा. पर चारच दिवस, पुढं दुसऱ्याहीले शब्द देला हाय.”

“चार दिसांत अकरा एकर नाई होत.”

“नाई होत,” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता.

“पैसे किती देऊ बोजाऱ्याचे?”

“पैसे नोको. घरी रांधा.”

“मले रांधता येत नाई.”

“मंग शिका. अजून दीड दिवस हाय.”

चौथा दिवस: मार्कंडा

केशव वडे शिकायला परत गेला. मी चामोर्शीत राहिलो, कारण तिथून मार्कंडा जवळ आहे आणि संस्कृतच्या माणसाने तिथवर येऊन न जाणं बरं दिसलं नसतं. लॉज सहाशे, गरम पाण्याचे वीस वेगळे. मार्कंड्याला शेअर ऑटोने जा. दगडी देवळांचा समूह, अंगभर मूर्ती, आणि खाली वैनगंगा, जी इथे वळून उत्तरेकडे वाहते. कथा सगळ्यांना ठाऊक आहे: अल्पायुषी मुलगा, पिंडीला मारलेली मिठी, आणि परत पाठवलेला यम. अर्ज न भरता, केवळ घट्ट धरून मंजूर झालेला हा लाभ. माझ्याशिवाय तिथे पुजारी आणि एक कुत्रा होता. दोघेही झोपले होते.

घाटावर बसलो असताना सौ.चा फोन आला. तिकडे सकाळ होती. मी सगळी हकीकत सांगितली. ती हसली आणि मग बराच वेळ बोलत राहिली.

“इथे जावयाला बाळासाठी महिनोन्महिने पगारी रजा आहे. तोच आंघोळ घालतो, तोच फिरवतो. पाळणाघर, दवाखाना, सगळं सरकार बघतं. कर भरमसाट आहे म्हणतात, पण कुरकुर करताना कोणी दिसत नाही. कारखाने चालू, दुकानं भरलेली. तुमच्या लेखातला ‘पण’ इथे सापडत नाही हो.”

“मग तू काय करतेस दिवसभर?”

“खिडकीत बसते. मला कामच नाही. शेजारीण आहे माझ्याएवढी. तिचं नाव दारावरच्या पाटीवर वाचलंय. परवा साखर संपली तर लेक म्हणाली, मागू नकोस, त्यांना अवघडल्यासारखं होईल.” मग जरा थांबून, “कोणाला कोणाची गरजच पडत नाही इथे. चांगलंच आहे, नाही का?”

“चांगलंच आहे,” मी म्हणालो. मला ते खरंच चांगलं वाटतं. ताप असताना कोणाच्या बापाच्या वावरात जावं लागत नाही, ही काही छोटी गोष्ट नाही. “परत कधी येतेस?”

“बघू,” ती म्हणाली. “तिकडे तरी मला काय काम आहे?”

नदीला पाणी बरंच होतं. पलीकडचा काठ दिसत होता, पण माणूस ओळखू येईल इतका नाही.

पाचवा दिवस: वडे

परतीला आष्टीपर्यंत एसटी, पुढे गोंडपिपरी, तिथून दुसरी एसटी, मग केशवच्या गावची ऑटो. पूर्ण तिकीट. सकाळी अकराला पोचलो तेव्हा घरात धूर होता आणि केशव टॉवेल गुंडाळून कढईसमोर बसला होता. दोन्ही शेगड्या पेटलेल्या. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर वडे निथळत होते. अर्थविषयक पान वरच होतं.

“हे असे काऊन झाले बे?” त्याने एक वडा दाखवला. तो जमिनीवर टाकला असता तर घरंगळत अंगणात गेला असता.

“डाळ किती भिजवलीस?”

“भिजवा लागते?”

मी कांदे चिरले. भात, कढी, वास्त्यांची म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी आणि ते वडे. वास्ते शेजारणीने निवडून दिले होते, बाकी सगळं त्याचं. साडेबाराला टेम्पो आला. बारा जणी उतरल्या, चिखल धुतलेल्या, केस विंचरलेल्या, ठेवणीतल्या लुगड्यांत आणि पातळांत. केशव पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता. त्याने पारबताबाईंच्या हातावर पाणी घातलं, मग पुढचीच्या, मग तिच्या पुढचीच्या. बारा वेळा.

पंगत बसली. त्याने वाढलं. पारबताबाईंनी वडा फोडायचा प्रयत्न केला, मग दुसऱ्या हाताची मदत घेतली.

“भाऊ, हे वडे रोवाचे होय का खायाचे?”

पंगतीत हशा पिकला. जुडी ठेवणारी बाई म्हणाली, “बांधाले लावा, पानी नाई फुटनार.” दुसरी म्हणाली, कढीत टाका, उद्यापर्यंत नरम होतीन. केशव हसला. ते हसू मी वसतिगृहानंतर पहिल्यांदा पाहिलं. एकीने भात मागितला, मग दुसरीने. वडे मात्र सगळ्यांनी संपवले. किती वेळ लागला ते विचारू नका.

“तुमी बसा आता,” पारबताबाई म्हणाल्या. तो बसला. त्यांनी त्याला वाढलं. मला कोणी विसरलं नव्हतं, माझंही पान होतं. पण मी ओसरीच्या कडेला होतो आणि तो मधोमध, आणि तसंच बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या बांधीत रांग उभी राहिली. मी त्याच वेळी फाट्यावर बसची वाट बघत होतो. लांबून गाणं ऐकू येत होतं. शब्द कळले नाहीत.

घरी

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य, चांगला रेनकोट, सुटे पैसे, रबरी चपला. राहण्या-खाण्याचा आणि तिकडच्या प्रवासाचा माझा खर्च पाच हजारांच्या आत झाला. सफारी मिळणार नाही. बांधावर जुडी आडवी आली तर खिशात हात घाला. तुमचे पैसे घेतले, तर तुमचं काही चुकलेलं नाही असं समजा.

संपादकांना दुसरा लेख हवा आहे. सढळ राज्य आणि भरभराट एकत्र नांदतात का? मी बारा बायांचं वावर पाहिलं, तेव्हा उत्तर ‘हो’ होतं. केशवच्या रिकाम्या बांध्या पाहिल्या, तेव्हा ते ‘हो’ कोणालातरी महागात पडतं हेही दिसलं. या खेपेला मी अर्धा अर्धा लेख लिहिणार नाही. ज्याला ‘नाही’ म्हणता येतं त्यानेच केलेल्या कामाला मी भरभराट म्हणेन. बाकी जे काही वाढतं ते वाढतं, एवढंच. वाचक झोडपतील. एकाच बाजूचे, हा बदल.

काल दुपारी केशवचा फोन आला. मी डबा उघडून बसलो होतो.

“सात एकर झाले,” तो म्हणाला. “शेवटची बांधी मी रोवली. वाकडी झाली. बाया पाहून हासून राहिल्या.”

“आणि चार एकर?”

“पडीक. पऱ्हे कामातून गेले.”

चार एकरांचं धान म्हणजे त्याच्यासाठी थोडं नव्हतं.

“पारबताबाईनं मागतले ते,” तो म्हणाला. “पुढल्या वर्षीसाठी. ठेक्यानं.”

“दिलेस?”

“देले. म्या म्हटलं, बाई, मंग मालकीण तुमी. रोवणा सरल्यावर बोजारा कोन देईन? ती म्हने, आमीच देऊ. तुमी जेवाले येजा.”

“मग जाशील?”

पलीकडून खर्रा थुंकल्याचा आवाज आला.

“पुढल्या श्रावनात बलावलं हाय, पंडिता. तवरीक जगा लागन.”